ऐकणाऱ्यांची वही

केडगावच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव उरकले की दुपारी आडतीवर सामसूम व्हायची. हमाल गोण्यांच्या थप्पीला पाठ लावून डुलकी काढायचे, शेतकरी पट्टीची वाट बघत पायरीवर बसायचे आणि दिवाणजी मान खाली घालून वजन, भाव, हमाली, तोलाई असे रकाने भरत असायचा. तो दिवाणजी मी. तीस वर्षांहून जास्त काळ हे काम केलं. गोष्टी लिहिल्या त्याही तिथेच, कांद्याच्या फोलपटांत बसून. रद्द झालेल्या पट्ट्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचो आणि गल्ल्याखालच्या खणात कोंबून ठेवायचो. घरी माहीत नव्हतं, मालकांना माहीत नव्हतं. दाखवावं असं कुणी डोळ्यांसमोर नव्हतंच.

एकदा घाईत त्यातली एक रद्द पट्टी खऱ्या पट्टीला चिकटून गेली आणि नेमकी बाईंच्या हातात पडली. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. बोरीपार्धीच्या शिवारात त्यांचा दीड एकराचा तुकडा होता. त्यातला कांदा त्या स्वतः घेऊन यायच्या आणि हिशेबही स्वतः तपासायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात उभ्या दिसल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हिशेबात चूक निघाली असणार, दुसरं काय. बाईंनी पट्टी माझ्यापुढे पालथी ठेवली.

"दिवाणजी, म्हातारी विहिरीपाशी गेली, इथवर आहे. पुढं काय झालं?"

"ते चुकून आलं, बाई."

"चुकून आलं असेल. पुढचं वाचा, मी ऐकते."

त्या गोणीवर बसल्या. मी खणातले कागद काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचलं. आवाज कापत होता. बाईंची ऐकण्याची रीत मी त्या दिवशी पाहिली आणि नंतर वीस वर्षं पाहत आलो. हात मांडीवर, नजर वाचणाऱ्याच्या तोंडाकडे नाही तर कागदाकडे, मान अजिबात हलत नाही. वाचून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दोरखंड ओला होता, एवढं मला दिसलं. म्हातारी अजून दिसली नाही." आणि उठून गेल्या.

त्या रात्री मी म्हातारी पुन्हा लिहिली. माझ्यातला लेखक, जो काही असेल तो, त्या एका वाक्याने उभा केला. पुढे जे काही घडलं, आम्ही केडगावात लिहिणाऱ्यांचा मेळावा भरवायला लागलो, भीमेच्या दोन्ही काठांवरची माणसं त्याला यायला लागली, त्या सगळ्याचं मूळ त्या गोणीवर आहे. ज्यांचं देणं लागतो त्यांची नावं घ्यायची वेळ आली की लोक गुरूंची नावं घेतात, मोठ्या लेखकांची घेतात. माझं देणं ऐकणाऱ्यांचं आहे, आणि त्यांत पहिल्या बाई.

बाईंना हे ऐकणं कुठून आलं, ते त्यांनी एकदा सांगितलं. त्यांची आजी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आली. आली म्हणजे आणली गेली. पंडिता रमाबाईंनी त्या दुष्काळात तिकडे जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि बायका गोळा केल्या आणि इथे, स्टेशनाजवळ घेतलेल्या आपल्या जमिनीवर आणल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं. आज गाडीतून उतरणाऱ्याला 'मुक्ती' म्हणजे एक जुना, झाडीचा, मोठ्या आवाराचा पत्ता वाटतो. त्या आवारात एकेकाळी शेत होतं, माग होते, अंध मुलींसाठी ब्रेल होतं, आणि एक छापखाना होता. खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला सगळ्या बाया आणि मुली.

बाईंची आजी त्या छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं होतं. ते मराठी खेड्यातल्या साध्या बाईला कळलं पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. संस्कृतच्या पंडितेने, जिला कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं होतं तिने, आयुष्याची शेवटची वर्षं साधा मराठी शब्द शोधण्यात घालवली. भाषांतर पुरं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई इथेच, केडगावात गेल्या. सगळं बायबल छापून बाहेर पडलं ते 1924 साली.

"आजी सरळ वाचायचीच नाही," बाई सांगायच्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. छापल्यावर ते सुलटं होतं. वर्षानुवर्षं उलटं वाचून आजीची नजर अशी झाली होती की समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र ती पलीकडून वाचत असे. बोटांच्या पेरांवर शिशाचा काळा थर होता तो मरेपर्यंत गेला नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं एकेक अक्षर करून, एकेक काना-मात्रा उचलून जिने वाचलं, तिच्याइतकं ते पुस्तक कुणी वाचलं असेल? आणि तिचं नाव त्या पुस्तकात कुठेच नाही. बाईंना हे फार लागलेलं होतं. बोलताना आवाज चढायचा नाही, पण हातातलं काम थांबायचं.

बाईंच्या पडवीत आम्ही जमायला लागलो तेव्हा बाई सोडून आम्ही चौघे होतो. मी सोडून बाकी सगळे पुणे-दौंड शटलचे. सकाळी पुण्याला आणि संध्याकाळी परत, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी अशी स्टेशनं पाठ असलेली माणसं. एक रेल्वेत गँगमन होता, रुळांची देखभाल करत चालायचा आणि चालीवर अभंग रचायचा. एक आरोग्य केंद्रातली सिस्टर होती, तिने बाळंतपणांच्या नोंदी ठेवता ठेवता एक वेगळी वही भरली होती. तिसरा नदीपलीकडचा, शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याकडचा पोरगा, पुण्यात नोकरी शोधत होता. त्याच्या कविता आम्हाला समजायच्या नाहीत आणि त्याला आमच्या गोष्टी जुनाट वाटायच्या.

बाईंनी नियम घातले. वाचण्याआधी प्रस्तावना करायची नाही. मध्ये बोलायचं नाही. वाचून झाल्यावर 'छान' म्हणायचं नाही, 'आवडलं' म्हणायचं नाही आणि 'असं का लिहिलं' हेही विचारायचं नाही. प्रत्येकाने फक्त काय लक्षात राहिलं ते सांगायचं. एवढंच. सुरुवातीला हे फार कोरडं वाटलं. माणूस लिहितो तेव्हा त्याला शाबासकी हवी असते, मला तर फारच हवी होती. पण चार जणांनी आपापलं लक्षात राहिलेलं सांगितलं आणि त्यात आपण जिवापाड लिहिलेला परिच्छेद कुणाच्याच तोंडी आला नाही, की त्या परिच्छेदाचं काय करायचं ते सांगावं लागत नाही. सिस्टरने एकदा एका अवघडलेल्या बाळंतपणाचं वाचलं. चौघांनाही एकच गोष्ट लक्षात राहिली होती: घड्याळ बंद पडलेलं होतं आणि नवरा बाहेर उभा राहून वेळ विचारत होता. तिने मागचं-पुढचं सगळं खोडलं आणि तेवढंच ठेवलं. मी आजवर जे थोडं चांगलं मराठी गद्य ऐकलं आहे त्यात ते पान येतं.

मेळाव्याची कल्पना मात्र केडगावची नाही, ती आम्ही कृष्णाकाठाहून आणली. सांगली जिल्ह्यात औदुंबरला दर मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. 1939 पासून भरत आलंय. कवी सुधांशू आणि त्यांच्या गावच्या मित्रांनी सदानंद साहित्य मंडळाच्या नावाने ते सुरू केलं. गँगमनला रेल्वेचा पास होता, आम्ही तिकिटं काढली आणि भिलवडी स्टेशनला उतरलो. दत्ताचं ठिकाण, नदी, थंडी, आणि झाडाखाली बसून ऐकणारी माणसं. त्यात शेतकरी होते, पोरं होती, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या होत्या. कार्यक्रमानंतर तिळगूळ हातावर पडला. बाई तिथल्या एका म्हाताऱ्याशी बराच वेळ बोलत होत्या. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "हे लोक साहित्यिक नाहीत. पण लहानपणापासून दर संक्रांतीला येतायत. इतकी वर्षं ऐकणारं गाव आहे ते. आपल्याकडे दत्त आहे, नदी आहे, नारायण महाराजांचं बेट आहे. ऐकणारं गाव नाही. ते करावं लागेल."

मला वाटलं होतं लेखक गोळा करायचे. बाईंना गाव गोळा करायचं होतं. हा फरक माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

तयारी काय केली ते सांगण्यासारखं फार नाही. वर्गणी वीस रुपये, पत्रकं हाताने लिहून झेरॉक्स काढलेली, ती यवत, चौफुला, वरवंड, पाटस, पारगाव, न्हावरे इथल्या चहाच्या टपऱ्यांवर आणि वाचनालयांत चिकटवली. एका संस्थेने सभागृह देऊ केलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी निरोप आला की मिळणार नाही. कारण सांगितलं नाही. मी रडकुंडीला आलो. पुण्याहून एक कादंबरीकार येणार होते, मला त्यांच्यापुढे तोंड दाखवायची लाज वाटत होती. बाई म्हणाल्या, "आबांकडं जा."

आबा म्हणजे आमच्या आडतीला कांदा घालणारे एक गुऱ्हाळवाले शेतकरी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती माणसं? पंचेचाळीस? माझ्या गुऱ्हाळाच्या छपरात ढेपा ठेवायची जागा मोकळी करतो. तरटं टाकू. पण दिवाणजी, एक आहे. चरक मी बंद ठेवीन, काहिलीखालचा जाळ मला मधेच बंद करता येणार नाही. आधण टाकलेलं असेल ते उतरेपर्यंत तुमच्या कवींनी दमानं घ्यावं."

त्यामुळे आमचा पहिला मेळावा काहिलीच्या वेळेवर चालला. सकाळी नऊला पोहोचलो तेव्हा रस उकळत होता. भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी वर आली होती आणि गुळव्या झाऱ्याने ती काढत होता. आमच्याकडे आता बहुतेक गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कारागीर असतात. हा गुळव्याही तिकडचा आणि चुलाणात चिपाडं सारणारा जळव्या त्याचा पुतण्या, सोळा-सतरा वर्षांचा. सिस्टर वाचायला उभी राहिली तेव्हा पाक घट्ट होत आला होता. गुळव्या त्यातला थेंब पाण्यात सोडायचा, बोटाने गोळी वळते का पाहायचा, आणि पुन्हा काहिलीकडे वळायचा. सिस्टर वाचत होती, बंद घड्याळाशी आली, आणि जळव्या हातातलं चिपाड तसंच धरून तिच्याकडे बघत उभा राहिला. जाळ उतरला. गुळव्याने ओरडून त्याला भानावर आणलं. त्याला मराठी किती कळत होतं मला ठाऊक नाही. सिस्टरचं वाचून झालं, आधण उतरलं, गूळ वाफ्यात ओतला गेला, आणि सगळ्या छपरात तो वास भरला. मग कुणाला बोलायचं सुचेना.

बाई उठल्या आणि जळव्याला त्याचं नाव विचारलं. त्यांच्या मांडीवर एक लांब वही होती, आडतीवर वापरतात तशी लाल कापडी पुठ्ठ्याची, मीच दिलेली. त्यात त्या सकाळपासून लिहीत होत्या. मला वाटलं वाचणाऱ्यांची नावं आणि वेळ लिहीत असतील. दुपारी पाहिलं तर आधी ऐकायला आलेल्यांची नावं होती, एकाखाली एक, गावासकट. वाचणारे खाली, बारीक अक्षरात. एकेचाळीस नावं झाली होती. बेचाळिसावं त्या पोराचं.

जेवणात पिठलं, भाकरी, ठेचा आणि गरम गूळ. कादंबरीकार शटलने आले होते, मानधनाचं पाकीट त्यांनी परत केलं. त्यांना दहाच मिनिटं बोलायला दिली होती, ती त्यांनी पाळली आणि बाकीचा दिवस तरटावर बसून ऐकत राहिले. निघताना त्यांनी सिस्टरकडून ते पान मागून घेतलं आणि उभ्या उभ्या पुन्हा वाचलं. तिने ते पान जपून ठेवलंय, त्यावर त्यांच्या बोटाचा गुळाचा डाग आहे. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत, कारण आमच्यातल्या कित्येकांनी छापील लेखक माणूस त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला, आणि पाहिला तो ऐकताना.

बाईंनी त्या दिवशी एकच भाषण केलं. त्यांनी 1878ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी 11 मे रोजी पुण्यात हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी बोलावलेली, पन्नासएक माणसांची. आजचं अखिल भारतीय साहित्य संमेलन आपलं मूळ तिथे सांगतं. म्हणजे तेही आपल्यासारखंच लहान होतं, बाई म्हणाल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात वीस वर्षांच्या रमाबाईंना विद्वान 'सरस्वती' म्हणत होते. पुढे 1885 साली पुण्यात दुसऱ्यांदा ग्रंथकार जमले तेव्हा त्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला. ज्या सभेत शूद्रांच्या आणि अतिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही तिथे आमचं काय काम, असा त्या पत्राचा आशय. आणि त्याच वर्षी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत फुल्यांनी रमाबाईंची बाजू घेतली, जेव्हा धर्मांतरामुळे सगळा पुणेरी समाज त्यांच्यावर तुटून पडला होता. "सभा भरवणं सोपं आहे," बाई म्हणाल्या, "तिथं कोण बसलेलं नाही ते बघणं अवघड. मी ती वही त्यासाठी ठेवतेय. संध्याकाळी घरी जाऊन बघायचं, कोण आलेलं नाही."

दुसऱ्या वर्षी ते कळलंच. चौफुल्याच्या संगीत बारीतली एक गायिका मेळाव्याच्या आधी बाईंकडे आली आणि म्हणाली, "मला वाचायचं नाही, नुसतं ऐकायला बसता येईल का?" आमच्यातल्या दोघांनी कुरकुर केली. गावातली माणसं काय म्हणतील, आज्या येणार नाहीत, वगैरे. मीही गप्प बसलो होतो, ते मला इथे लिहिलंच पाहिजे. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. वही उघडली आणि त्या वर्षीच्या पानावर पहिलं नाव तिचं घातलं, मेळाव्याला अजून आठवडा होता तेव्हाच. ती आली. आज्याही आल्या. आयुष्यभर बैठकीत गाणाऱ्या त्या बाईला समोरची बैठक कधी जिवंत असते आणि कधी मरते, हे आमच्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. दुपारी गँगमनचे अभंग चालू असताना तिने हलकेच सांगितलं, "भाऊ, तिसरं कडवं आधी घ्या. माणसं तिथं पुढं झुकली." त्याने घेतलं. पुढच्या वर्षी तिने स्वतः लिहिलेलं वाचलं. तिच्या आईबद्दल होतं. ते मी इथे सांगणार नाही, ते तिचं आहे.

मोठ्या संमेलनांवर माझा राग नाही. 2014 साली आमच्या शेजारी सासवडला 87वं अखिल भारतीय संमेलन झालं, फ. मुं. शिंदे अध्यक्ष होते. आम्ही सगळे गेलो. ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरून पुस्तकं आणली. एवढी माणसं मराठी पुस्तकासाठी जमतात हे डोळ्यांनी बघून ऊर भरून आला. पण तिथे तुम्ही काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही, आणि विचारू शकतही नाही. त्यासाठी पंचेचाळीस माणसांचं छप्परच लागतं. दर तालुक्याला असं एक छप्पर असावं असं माझं स्पष्ट मत आहे. अध्यक्ष, हार-तुरे, शाल-श्रीफळ, स्मरणिका यांवाचून काही अडत नाही. अडतं ते आदल्या रात्री जागा देणाऱ्या आबांवाचून.

आबा गेल्यावर त्यांच्या मुलाने छप्पर देणं चालू ठेवलं. आता एक अडचण नवीन आहे. भीमेच्या दोन्ही बाजूंच्या उसात बिबटे वाढले. अंधार पडल्यावर मोटारसायकलवरून नदीपलीकडे जायला माणसं धजत नाहीत, त्यामुळे आम्ही साडेचारला आटोपतो. मांडवगणचा तो पोरगा आता पुण्यात स्थिरावला, त्याच्या कवितांचं पुस्तक आलं, त्यातल्या निम्म्या कविता मला अजूनही समजत नाहीत. पण तो दर वर्षी येतो आणि परतताना पलीकडच्या दोघा-तिघांना आपल्या गाडीतून सोडतो. सिस्टरने काही छापलं नाही. छापायचंच असं नसतं. माझं एक पुस्तक आलं. त्याची पहिली प्रत बाईंना द्यायला गेलो तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पानांवरून बोटं फिरवली, जणू अक्षरं उठून आली असतील तर लागावीत. मग परत माझ्या हातात दिलं.

"वाच. मी ऐकते."

तोवर त्या मला 'तू' म्हणायला लागल्या होत्या. मी म्हातारीची गोष्ट काढली. हात मांडीवर, मान स्थिर. वाचून झालं. नेहमीसारख्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आता दिसली."

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्या. वही त्यांच्या भाचीने मला आणून दिली. मी ती घरी बसून पहिल्या पानापासून वाचली, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं पान. त्या वर्षी त्यांना दिसत नव्हतं, नावं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतली होती, आणि तळाशी त्यांच्या स्वतःच्या वेड्यावाकड्या, एकावर एक चढलेल्या अक्षरांत चार शब्द होते: हमाल आले नाहीत. विचारा.

तीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून मी लिहिलं, ज्यांच्या डुलकीच्या वेळेत माझ्या गोष्टी झाल्या, त्यांना मी कधी बोलावलंच नव्हतं. पुढच्या मेळाव्याआधी मी तोलाईच्या काट्यापाशी जाऊन सांगितलं. अकरा जण आले. एकाने गोणी उचलतानाचं गाणं म्हटलं, जे त्याच्या बापाने रचलं होतं.

वही आता माझ्याकडे असते. दर वर्षी कांद्याची गडबड सुरू व्हायच्या आधी, माघातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो. पुणे-दौंड गाडीने केडगाव स्टेशनला उतरा, बाहेरच्या कुठल्याही टपरीवर गुऱ्हाळातला मेळावा विचारा, कुणीही वाट दाखवेल. वाचायचं असेल तर दहा मिनिटांचं आणा, प्रस्तावना नको. वाचायचं नसेल तर नक्की या. आल्यावर आधी माझ्याकडे या आणि नाव, गाव सांगा. वहीत वरची जागा ऐकायला येणाऱ्यांचीच असते.